मामांच्या सायकलचे तीन आरसे

हिच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, मामांइतका संशयी माणूस अख्ख्या दिल्लीत दुसरा नसेल, आणि असलाच तर मामांना त्याचाही आधीच संशय आला असेल. केंद्र सरकारातली सगळी नोकरी दुसऱ्यांच्या फायलींमधली लबाडी हुडकण्यात गेलेली. दूधवाल्यानं ‘नमस्ते’ म्हटलं तरी मामा पातेल्यात डोकावायचे. पेढा पुढे केला की आधी विचारायचे, “कशाबद्दल?” आणि कुणी पाठीमागून हाक मारली तर ढिम्म! “मागून बोलणाऱ्याचा हेतू साफ नसतो. समोर येऊन बोला.”

निवृत्तीला वर्ष उरलं तरी ऑफिसला जायचे सायकलनेच. एकदा एक टेम्पो अगदी चाटून गेला, आणि मामांनी करोल बागेतून स्कूटरचे आरसे आणून सायकलला ठोकले. एक नाही, तीन! उजवा बसवाल्यांसाठी. डावा स्कूटरवाल्यांसाठी, कारण डावीकडून घुसणारा मुळातच बदमाश. आणि मधला कॅरियरवरच्या डब्यावर पहारा ठेवायला. त्यात डबा कुठला दिसतोय, मामांचं पोट दिसायचं. तसं म्हटलं तर म्हणाले, “डबा शेवटी तिथेच पोचायचाय ना? मग मुक्कामावर नजर ठेवलेली बरी.” सिग्नलवरची पोरं ओरडायची, “अंकल, बारात कहाँ जा रही है?” मामा आपले शांत.

मामींना मात्र काहीतरी बिनसल्याचा वास आला होता. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “एक दिवस ह्यांच्या मागे जा आणि काय ते खरं सांगा. धोका दिसला तर मी सायकल विकून मोकळी होते.” आता तीन आरसेवाल्या माणसाचा चोरून पाठलाग करायचा म्हणजे काय चेष्टा आहे का? पण हेल्मेट चढवलं, स्कूटर काढली आणि निघालो.

पहिल्याच चौकाच्या पुढे मागून एक बस कोकलत आली. मी अक्षरशः दचकलो. मामांची मान तसूभरही हलली नाही. मग त्यांची नजर उजव्या आरशात गेली आणि ते निवांत कडेला झाले. त्याच आरशात त्यांना मी दिसलो.

“मामा, हॉर्न ऐकू नाही आला?” मी मागूनच विचारलं. उत्तर नाही. समोर जाऊन, हेल्मेट काढून तेच विचारलं, तेव्हा ते माझ्या ओठांकडे बघत राहिले.

“कळलं ना, जावईबापू? दोन वर्षं झाली. तिला नका सांगू. सायकल गेली तर घरीच बसावं लागेल. आरशांमुळे रस्त्यावर मागचं दिसतं तरी. घरात सगळे पाठीमागूनच बोलतात हो.”

मला फार वाईट वाटलं. तरी मामींना सांगितलं. मामांना कळू द्यायचं नाही, या अटीवर. दुसऱ्या दिवशी सकाळी तिन्ही आरसे पदरानं लख्ख पुसून ठेवलेले होते.

महिन्याभरानं मामांनी मला अंगणात गाठलं. डोळे बारीक करून म्हणाले, “काहीतरी गडबड आहे, यार. हल्ली साधा चहा विचारायचा तरी ही स्वयंपाकघरातून उठून माझ्यासमोर येऊन उभी राहते. काय हेतू असेल हो?”

मला एकदम भरून आलं. पण तोंड फिरवायची सोय नव्हती. मामा माझ्या ओठांकडे बघत उत्तराची वाट पाहत होते.