झिंजमधला हुकमी हीटर

माझ्या सासूबाईंना मी एकाच आठवड्यात, एकाच घरात, आधी थंडीने कुडकुडवलं आणि मग घामाने भिजवलं. दोन्ही कामांना यंत्र एकच वापरलं.

मी तेव्हा बहारीनमध्ये, झल्लाकच्या समुद्रकाठी असलेल्या एका हॉटेलात इलेक्ट्रिकल सुपरवायझर होतो. (हे आत्ताच सांगून टाकतो, पुढे सांगायची लाज वाटेल.) राहायला झिंजमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. बायको मार्था हॉस्पिटलात नर्स, मुलगी लिझा शाळेत. लग्नाला दहा वर्षं झाल्यावर सासूबाई पहिल्यांदाच वसईहून आमच्याकडे आल्या, त्या नेमक्या जानेवारीत. मीच त्यांना पत्रात लिहिलं होतं, "आई, स्वेटर-शाल काही आणू नका. हे गल्फ आहे. घाम पुसायला टॉवेल आणा. जागा उरली तर सुके बोंबील आणा."

त्यांनी जावयावर विश्वास ठेवला. बॅगेत सहा टॉवेल, बाकी सगळे बोंबील!

आता बहारीनचा जानेवारी म्हणजे काही काश्मीर नव्हे. पण तिथली घरं उन्हाळ्याशी लढायला बांधलेली. पायाखाली गार लाद्या, आणि खिडकीतल्या एसीच्या फटीतून उत्तरेचा वारा सरळ मानेवर. दुसऱ्याच दिवशी सासूबाई अंगावर तीन टॉवेल घेऊन सोफ्यावर बसलेल्या.

"आल्बर्ट," त्या म्हणाल्या, "ह्यापेक्षा आमच्या विहिरीत बसले असते तर ऊब लागली असती."

घरात तेलाचे दोन इलेक्ट्रिक हीटर होते, एक हॉलमध्ये, एक त्यांच्या खोलीत. पण एकदा गावी मिक्सरचा शॉक बसल्यापासून त्या कुठल्याच बटणाला हात लावत नसत. ("बटण नुसतं दिसलं तरी कोपरापर्यंत मुंग्या येतात मला!") दिवसभर आम्ही तिघंही बाहेर. हीटर सकाळी लावून जावं तर मार्था तयार नाही.

"आई एकटी असताना दिवसभर हीटर? आमच्या बर्न्स वॉर्डात येऊन बघ एकदा."

"आणि तो ठरलेल्या वेळी आपोआप चालू झाला, आपोआप बंद झाला तर?" मी विचारलं.

मार्थाने माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती 'माझे टाके मीच काढतो' म्हणणाऱ्या पेशंटकडे पाहत असावी.

पण माझ्याकडे खरोखरच तोडगा होता. हॉटेलातला इंग्रज चीफ इंजिनिअर नोकरी सोडून मायदेशी जाताना आपला एक खोका स्टोअरमध्ये ठेवून गेला होता, "ज्याला हवा त्याने न्यावा" म्हणून. त्यात होत्या चार डब्या, घड्याळ असलेली एक पेटी आणि बटणांची एक पट्टी. डबी सॉकेटमध्ये खोचायची, हीटरची पिन डबीत खोचायची. मग पेटीवर वेळ लावली की ती घरातल्याच वायरिंगमधून हुकूम सोडते, आणि हीटर तो पाळतो. पट्टीवरचं बटण दाबलं तरी तेच. नवी वायर मफी, खोदकाम मफी! (मफी म्हणजे तिथल्या अरबीत 'नाही'.)

स्टोअर सांभाळायचा कासमभाई. मूळचा दापोलीचा, आणि आमच्याच बिल्डिंगमध्ये, बरोबर आमच्या खाली राहणारा. त्याचे गुडघे थंडीत धरायचे, म्हणून त्याच्याकडेही दोन हीटर. आम्ही खोका सख्ख्या भावांसारखा वाटून घेतला. दोन डब्या आणि पेटी मला, दोन डब्या आणि पट्टी त्याला.

"आल्बर्ट, ह्या डबीवर चकत्या हायत दोन. एकीवर अक्षर, एकीवर आकडा. काय ठेवू?"

"अक्षर आहे तेच राहू दे. आकडे एक आणि दोन ठेव. मीही तेच ठेवलेत. सोपं पडतं."

"मॅन्युअल बघायचा काय?"

"कासमभाई," मी म्हणालो, "मॅन्युअल ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी असतं."

घरी मी सगळ्यांना सोफ्यावर बसवून प्रात्यक्षिक दिलं. पेटीवर एक दाबला, हॉलच्या हीटरचा लाल दिवा लागला. दोन दाबला, आतल्या खोलीतला लागला. लिझाने टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी क्रूसाची खूण केली.

"सकाळी आठला चालू, बाराला बंद. तुम्ही फक्त बसायचं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी हॉटेलातून घरी फोन लावला.

"आई, हीटर लागला ना?"

"लागला. मग बंद पडला. आता पडलेलाच आहे. मी टॉवेलात आहे."

संध्याकाळी मी पिना तपासल्या, डब्या झटकल्या, पेटीवर फुंकर मारली. (इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगमधली ही फुंकर जगभर मान्य आहे.) आणि खबरदारी म्हणून पेटीला सांगितलं, 'नुसतं आठला नको, दर अर्ध्या तासाने चालूचा हुकूम दे.'

दुसऱ्या दिवशी कासमभाई स्टोअरमध्ये डोकं धरून बसलेला.

"अरे, माझा हीटर वेडा झालाय! झुबेदा घरात एकटी, तिला आधीच उकडतंय, ह्या वयात असा होतोच, डॉक्टर बोलला. आणि ह्यो मेला आपणहून पेटतोय! ती बंद करते, अर्ध्या तासात परत पेटतो!"

ज्याच्या डोक्यात थोडा जरी करंट होता, त्याला इथे उलगडा झाला असता. मी गंभीर चेहरा केला.

"व्होल्टेज," मी म्हणालो. "भाभींना सांग, सॉकेटला हात लावू नका, सिस्टीम बिघडेल. पट्टीवरचं बंदचं बटण दाबत राहायचं. ऐकेपर्यंत दाबायचं."

झुबेदाभाभींनी माझा सल्ला तंतोतंत पाळला. म्हणजे दोन्ही घरांची लाइन एक, डब्यांवरचं अक्षरही एक, त्यामुळे माझी पेटी दर अर्ध्या तासाने वरचे-खालचे चारही हीटर चालू करणार, आणि खाली घामाघूम झालेल्या भाभी लगेच चारही बंद करणार. दोन बायका, एकमेकींना न पाहता, माझ्या कृपेने वायरीतून भांडत होत्या!

सासूबाईंनी आपल्या परीने इलाज केले. हीटरशी गोड बोलून पाहिलं. दटावून पाहिलं. मग त्यावर रोझरी ठेवली. ठेवल्याबरोबर लाल दिवा विझला.

"ह्याच्यात काहीतरी आहे," त्या संध्याकाळी शांतपणे म्हणाल्या. "मार्था, माझं तिकीट पुढच्या आठवड्याचं करून घे."

मार्था किचनमध्ये जाऊन पाठमोरी उभी राहिली. तिची आई दहा वर्षांनी आली होती, तीन महिने राहणार होती. मी जवळ गेलो तर एवढंच म्हणाली, "तुला सरळ एक स्वेटर आणायला सुचलं नाही का रे?"

खरं सांगतो, नव्हतं सुचलं.

शुक्रवारी सासूबाईंचा पासष्टावा वाढदिवस होता. चर्चमधला मिस्सा करून आलो, मार्थाने केक मांडला, आणि मी निर्धाराने पेटी हातात घेतली. आज तिकिटाचा विषयच काढू द्यायचा नाही! खिडक्या लावल्या, एसीच्या फटीत टॉवेल कोंबले, दोन्ही हीटर चालू केले. आणि काय सांगू, दिवे लागले ते लागलेच! एकदाही विझले नाहीत. सासूबाईंनी पहिला टॉवेल काढला, दुसरा काढला, माझ्याकडे पाहून चक्क हसल्या.

वीस मिनिटांनी त्यांनी तिसरा टॉवेल घाम पुसायला घेतला. केकवरचं आयसिंग पासष्टमधल्या पाचाला घेऊन खाली घसरू लागलं.

"बंद कर आता," मार्था म्हणाली.

मी बंद केलं. दिवा विझला. आणि लगेच लागला! पुन्हा बंद. पुन्हा लागला!

"पप्पा, इट्स नॉट लिसनिंग टू यू," लिझा म्हणाली.

"लिसन कसं करत नाही, बघतोच!" मी पेटी घेऊन हवा खायला किचनमध्ये गेलो आणि दातओठ खात बंदचं बटण दाबलं. तेवढ्यात किचनच्या खिडकीबाहेरच्या डक्टमधून, खालच्या किचनमधून, ओरडणं आलं.

"झुबेदा! परत बंद केलास काय? माझे गुडघे धरलेत!"

"मी नाय हात लावला! तुमचाच हीटर, तुम्हीच बघा! मी हितं पंख्याखाली हाय!"

सुट्टीचा दिवस. जुम्म्याची नमाज पढून कासमभाई घरी आला होता, आणि पट्टी आज त्याच्या हातात होती.

माझ्या मागे सासूबाई येऊन उभ्या होत्या. त्यांनी डक्टकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत.

"आण ती इकडे," त्या म्हणाल्या. आणि बटणाच्या नुसत्या दर्शनाने ज्यांना मुंग्या यायच्या, त्या बाईने अंगठा रोवून चालूचं बटण दाबलं.

"आला! आला बघ!" खालून आवाज.

सासूबाईंनी बंद दाबलं.

"गेला! या अल्ला, परत गेला!"

चालू. "आला!" बंद. "गेला!" त्यांनी हे सहा वेळा केलं. पहिल्या दोन वेळा खात्री करायला, पुढच्या चार वेळा नुसत्या मजेखातर. मग डक्टमध्ये तोंड घालून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "अहो खालचे! तुमच्या गुडघ्यांची तार आमच्या जावयाने वर जोडलीय!"

तोवर लिझाने खोक्यातून मॅन्युअल काढून आणलं होतं. ती मोठ्याने वाचू लागली. "'इफ युवर नेबर हॅज द सेम सिस्टीम, यू मस्ट चूज अ डिफरंट लेटर.' पप्पा, इट्स इन बोल्ड."

मी डब्यांवरच्या दोन चकत्या आणि पेटीवरची एक, स्क्रूड्रायव्हरने फिरवल्या. पाव मिनिट लागलं. आठवडाभराचं प्रकरण खलास.

कासमभाई आणि भाभी वर आले, वितळलेला केक सगळ्यांनी चमच्याने खाल्ला. भाभी आणि सासूबाई एकमेकींना 'तुम्हीच का त्या' म्हणत इतक्या हसल्या की शेवटी एकमेकींचे डोळे टॉवेलाने पुसावे लागले. तिकिटाचं नाव कोणी काढलं नाही. उलट सोमवारपासून सासूबाई रोज बोंबील घेऊन खाली, भाभींकडे. मार्था शिफ्टवरून येताना त्यांना आणायला जायची आणि तीही तासभर तिथेच बसायची. आमचा हीटर मात्र रोज आठला चालू, बाराला बंद. अगदी सेकंदावर, रिकाम्या खोलीत.

पुढच्या शुक्रवारी चर्चबाहेर वसईकडच्या एक बाई सासूबाईंशी ओळख काढत होत्या. मी दोन पावलांवर उभा.

"आणि जावई काय करतात तुमचे?"

"झल्लाकला आहे. मोठ्या हॉटेलात."

"हो? काय काम?"

सासूबाईंनी एकवार माझ्याकडे पाहिलं, घराण्याच्या अब्रूचा विचार केला, आणि ठामपणे म्हणाल्या,

"वेटर आहे."