स्टोव्हचा आवाज आणि आईची हाक

रथसप्तमी, १९७६, सांगली. हजर: मी, सासूबाई, कडेगावहून आलेल्या नणंदबाई, त्यांची अडीच वर्षांची मुलगी आणि गल्लीतली झाडून सारी पोरं.

निमित्त मुलीच्या बोरन्हाणाचं. तिच्या डोक्यावरून बोरं, चिरमुरे, उसाचे तुकडे ओतले तशी पोरं तुटून पडली. ही मात्र पाटावर बसून बोरांची सरळ रांग लावत होती. नणंदबाईंनी हाकांवर हाका मारल्या, पण मान वळली नाही.

"बहिरी हाय गं पोर," सासूबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जायचं ठरलेलंच होतं.

मी चहा टाकायला आत गेले. स्टोव्ह फुरफुरायला लागला आणि पोरगी बाहेरून धावत आली! चहा झाल्यावर मी तो बंद केला. तिनं माझं मनगट धरून हात पंपावर नेऊन ठेवला, सांडशी उचलून ठेवावी तसा. माझ्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही.

"आत्याबाई, हिला चांगलं ऐकू येतंय की!" मी सासूबाईंना ओरडून सांगितलं.

सासूबाईंनी हात जोडले. दारात उभ्या नणंदबाईंचा चेहरा मात्र उतरला.

"म्हंजी माझीच हाक नको हाय का तिला, वैनी?"

"तसं नसतंय वन्सं," मी म्हणाले. मग कसं असतं, ते मलाही ठाऊक नव्हतं. स्वमग्नता हा शब्द आमच्या घरात फार उशिरा आला.

मी पंप मारून स्टोव्ह पुन्हा पेटवला. मुलगी खुदकन हसली. नणंदबाईंना मी तिच्याशेजारीच बसवलं.

कानाच्या डॉक्टरांचं काम मिटलं. आता दाखवायचं कुणाला, एवढं विचारायचं राहिलं.