मोगऱ्याच्या बिअरचे अर्धे ग्लास

त्या दिवशी घरातून निघताना माझ्या वहीत पाच गोष्टी होत्या: टोपी, पाण्याच्या दोन बाटल्या, चार जुने पंचे, दहीभाताचा डबा, आणि शेवटी ‘बिअर, एक घोट’. पन्नाशी उलटली तरी मी बिअर चाखली नव्हती. चाखायची नाही असं काही ठरवलेलं नव्हतं. कधी यादीत आली नव्हती, एवढंच.

माझी मुलगी एका छोट्या कारखान्यात बिअर बनवते. शहराबाहेर, जिथून चामुंडीची टेकडी दिसते अशा एका लॉनवर बिअरचा मेळा भरला होता आणि तिथे त्यांचा स्टॉल होता. चार बिअर मालकाच्या, पाचवी तिची स्वतःची, पहिलीच: गव्हाची, मोगऱ्याची फुलं घातलेली. मालकाने सांगून ठेवलं होतं की आज ही लोकांना आवडली तर कारखान्यातल्या बिअरच्या यादीच्या फळ्यावर कायमची लागेल. नाही तर विषय संपला, तिने पुन्हा त्याच्या चारच बनवायच्या. चार वाजता तो येऊन ठरवणार होता.

कुवेंपुनगरहून ऑटोने मी अकराला पोचले. ऊन तेव्हाच डोक्यावर आलं होतं. मुलीने मला स्टॉलच्या मागे सावलीत खुर्ची दिली.

“आई, इथे सुम्ने, नुसती बस. काही आवरायला घेऊ नकोस हं.”

“आधी माझा घोट दे.”

तिने अर्धा ग्लास भरून दिला आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. थंड, किंचित आंबट, आणि गिळल्यावर मागून मोगरा आला. फुलवालीने टोपलीवरचं ओलं फडकं काढावं तसा. मी वहीतल्या पाचव्या ओळीवर खूण केली आणि ग्लास खाली ठेवून प्रश्न विचारायला लागले. फुलं कधी घालतेस? किती दिवस ठेवतेस? वास उडून जात नाही? तीही खुशीत सांगत होती. शेवटचे तीन दिवस फुलं आत ठेवायची. टाकीजवळ गेलं की एक घोट घेऊन बघायचा.

“आणि रोज सकाळी आधी वास घ्यायचा,” ती म्हणाली.

मला हसू आलं. आमचं घराणं रंगाऱ्यांचं. माझे वडील निळीची टाकी गूळ आणि चुना घालून आंबवत, आणि सकाळी चहाच्याही आधी झाकण उचलून तिचा वास घेत. ते बघायला मी शेजारी उभी असे. नातीने आजोबांना कधी पाहिलं नाही.

बारानंतर गर्दी झाली. सगळे पहिला घोट घेत, भुवया उंचावत आणि कन्नडात म्हणत, “चेन्नागिदे!” छान आहे. “सूपर, मॅडम!” मुलीचा चेहरा उजळत चालला होता. माझ्या शेजारी वापरलेले ग्लास टाकायचा टब होता. ते विसळून पंच्याने पुसायचं काम मी न विचारताच घेतलं. तिने डोळे वटारले, पण गर्दीत बोलायला तिला वेळ नव्हता.

रंग कसा झाला, हे वडील गिऱ्हाइकाला कधी विचारत नसत. तोंडावर सगळे छानच म्हणतात, असं त्यांचं मत होतं. पुढच्या लग्नाला ती बाई तीच साडी नेसून येते का, तेवढं ते बघत. टबातला तिसरा अर्धवट ग्लास ओतून देताना मला ते आठवलं. मी वहीचं नवं पान काढून दोन रकाने केले: संपवलेले, उरलेले. मोगऱ्याची बिअर फिकट असल्यामुळे ओळखायला सोपी होती.

दीड वाजेपर्यंत बारा संपवलेले, एकवीस उरलेले. मालकाच्या चार बिअरचे ग्लास तळापर्यंत रिकामे येत होते.

असं का व्हावं? मी लोकांचे हात बघायला लागले. पहिला घोट, हसू. दुसरा, मान डोलावणं. तिसऱ्यानंतर ग्लास टेबलावर, आणि तो तिथेच. दोन कॉलेजचे मित्र टबापाशी आले. एकाने ग्लास नाकाशी नेला. “मगा, इदु देवर मने तरा इदे,” तो म्हणाला. देवघरात बसून प्यायल्यासारखं वाटतं. दुसऱ्याने मला बघून त्याला कोपर मारलं. त्याने घाईघाईने जीभ चावली. “आंटी, सूपर इदे, सूपर!”

मी माझा सकाळचा ग्लास शोधला. त्यातही तिने दिलेली बहुतेक बिअर तशीच उरली होती.

मग नवा ग्लास मागून घेतला आणि सावकाश सगळा प्यायले. अर्ध्यानंतर मोगरा घशात दाटला, बंद खोलीत उदबत्ती लावल्यासारखा.

तीन वाजता गर्दी ओसरली तेव्हा मी तिला ते पान दाखवलं. तिने वाचलं, टबाकडे पाहिलं.

“अय्यो आई, आजच? तू माझ्या बाजूची आहेस ना?”

“आहे. तू हिचा पूर्ण ग्लास कधी प्यायलीस?”

“घोटच घेते गं. कामात पूर्ण कोण पितं?”

“मग आता पी.”

ती माझ्या शेजारी पालथ्या क्रेटवर बसली आणि प्यायली. अर्ध्यावर तिचा हात थांबला. ग्लासाकडे बघत राहिली, मग उरलेली औषध घ्यावं तशी संपवली. “फुलं निम्मी,” ती म्हणाली. “आणि तीन दिवस नाही, एकच.” डोळे पुसले आणि पुन्हा बिअरच्या नळावर जाऊन उभी राहिली.

मालक चारला आला तोच हसत. “सगळे छान म्हणतायत! लावूया फळ्यावर.”

मी पंचा घट्ट धरला. ती हो म्हणाली असती तर त्या क्षणी तिचं काम झालं असतं, आणि मीही गप्प बसले असते.

“सर, आत्ता नको,” ती म्हणाली. “एकदा अजून बनवू द्या.” आणि तिने माझ्यापुढे हात केला.

वहीचं पान मी कधी फाडत नाही. ते फाडून दिलं. मालकाने दोन्ही रकाने वाचले, वाकून टबात पाहिलं आणि स्वतःसाठी एक ग्लास भरून घेतला. तो पिईपर्यंत आम्ही दोघी त्याच्या हाताकडे बघत होतो. अर्ध्याच्या जरा खाली येऊन हात थांबला.

“एकदाच,” तो म्हणाला. “पुढच्या महिन्यात. त्यानंतर नाही.” मग माझ्याकडे वळला. “मॅडम, तेव्हा ग्लास विसळायला येणार ना?”

संध्याकाळी दोघी ऑटोत बसल्यावर मी पाचव्या ओळीतलं ‘एक घोट’ खोडलं आणि पुढे ‘एक ग्लास’ लिहिलं. मुलगी खांद्यावरून वाकून बघत होती. तिने पेन घेतलं आणि खाली सहावी ओळ लिहिली: फुलं निम्मी, एक दिवस.