बंद भट्टीतली फिल्म

असल्या गोष्टींवर माझा अजिबात विश्वास नाही. एम.एस्सी. फिजिक्सची विद्यार्थिनी आहे मी. तरीही लिहितेय, कारण... उत्तर सापडत नाही.

नाशिकच्या एका कॉलेजमध्ये माझा प्रोजेक्ट होता : काचपट्टीवर टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ थर, म्हणजे फिल्म, चढवायचा, भट्टीत तापवायचा आणि त्यापासून गॅस सेन्सर करायचा. तापवल्यावरच अणू रांगेत बसतात. बसलेत का ते क्ष-किरणांनी बघतात. बसले असतील तर आलेखात टोकदार शिखर येतं, नाहीतर नुसता पसरट उंचवटा. ते मशीन पुण्याला. मुश्किलीने एक वेळ मिळाली होती. शिखर नाही तर प्रोजेक्ट नाही. आणि आमच्या घरातली कॉलेजात गेलेली मी पहिलीच.

खंडेनवमीला सकाळी पट्ट्या भट्टीत ठेवल्या, बटण दाबलं आणि सातपूरला पप्पांच्या कंपनीत पूजेला गेले. त्या दिवशी घरच्यांना आत सोडतात ना!

दसऱ्यानंतर लॅब उघडली, तर भट्टीला हळदकुंकू आणि काढलेल्या प्लगला झेंडूची माळ गुंडाळलेली.

"मामा, हे कधी केलं?" मी शिपाईमामांना विचारलं.

"तू जिना उतरलीस आन् लगेच. पूजेच्या दिवशी मशीनला काम लावत्यात व्हय?"

"अहो, माझं सॅम्पल होतं आत!"

"मंग त्याला पण सुट्टी!"

मला रडूच आलं. दुसऱ्याच दिवशी पुणं, पुन्हा तापवून थंड करायला सवडच नाही. माझे गाईड सर म्हणाले, "तीच पट्टी ने. मिळालेली वेळ वाया घालवू नकोस."

पुण्यात स्क्रीनवर रेघ सरकत होती. सपाट... सपाट... आणि एकदम सरळ वर! मी खुर्चीतून उठलेच. ऑपरेटर ताई म्हणाल्या, "अगं बाई, हलू नकोस. छान आलंय, किती डिग्रीला तापवलंस?"

बाहेर येऊन सरांना फोन केला.

"सर, आलं! शिखर आलं!"

"शाब्बास! ...पण भट्टी तर बंद होती ना?"

परत आल्यावर आम्ही सगळं तपासलं.

सुट्टीभर लॅबला कुलूप होतं, किल्ली मामांकडे. माळ सुकलेली, पण जशीच्या तशी. नंतर आम्ही न तापवलेल्या पट्ट्या पुण्याला पाठवल्या - उंचवटा. तापवलेल्या पाठवल्या - शिखर, पण त्या पहिल्यापेक्षा ठेंगणं. प्रोजेक्ट त्यांच्यावर पूर्ण झाला असता. सर म्हणाले, "तो पहिला आलेख रिपोर्टला लावायचा की नाही, तूच ठरव. परीक्षक टर उडवतील."

मी लावला. खाली लिहिलं : भट्टी बंद होती.

परीक्षक हसलेच. "हे काढलं असतंस तर कुणाला कळलं असतं?"

"कुणालाच नाही, सर. पण... झालंय ते."

त्यांनी पट्टी मागितली, खिडकीशी धरून तिरकी करकरून पाहिली. निळसर-जांभळी चमकत होती. मग पट्टी माझ्या हातात ठेवून म्हणाले, "मलाही सांगता येत नाही. पास आहेस तू."