राष्ट्राध्यक्षांच्या शंका

पिस्कॅटवेहून निघालो तेव्हा सकाळचे आठ वाजले होते आणि आमच्या ह्यांच्या तोंडावर बारा.

दक्षिणेतल्या आमच्या शुगर लँडहून आम्ही पिस्कॅटवेला लेकीकडे आलो होतो. घरी परतलो की केनियाच्या सफारीचं नक्की कळवायचं होतं. हे निवृत्त इंजिनिअर, मी निवृत्त भूलतज्ज्ञ. ह्यांनी सफारीवाल्याला प्रश्न विचारून भंडावून सोडलं होतं. तंबूला कडी असते का? चहात दूध कसलं? मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि प्रश्नच थांबले. काल जेवताना म्हणाले, "तू ग्रुपबरोबर जा. माझं कॅन्सल करून टाक."

मी वाद घातला नाही. लेकीची गाडी मागून घेतली.

अमेरिकेच्या एका जुन्या राष्ट्राध्यक्षांनी आफ्रिकेच्या मोहिमेआधी एका निसर्गअभ्यासकाला पत्रं लिहिली होती. ती एका ग्रंथालयात जपून ठेवली आहेत; पाहायची परवानगी मी आधीच काढली होती. रेस्ट एरियात (हमरस्त्यावरचा थांबा) थालीपीठ खाल्लं. पानगळ ऐन रंगात होती, पण हे काचेबाहेर बघायला तयार नव्हते.

ग्रंथालयाच्या दारात एका तरुण बाईंनी आमची पिशवी उघडली.

"पेन आत चालणार नाही, पेन्सिल घ्या. आणि ह्या डब्यात काय आहे?"

"चिवडा."

डबा लॉकरमध्ये गेला. वर आम्हाला हातही धुवायला लावले. चूक माझीच, घराबाहेर पडताना चिवडा घ्यायचाच, ही खोड काही जात नाही.

त्याच बाईंनी पत्रं आणून समोर ठेवली. टाइप केलेली, पण ओळींच्या मधे शाईनं आणखी शंका घुसवलेल्या. बूट कसले, तंबू कसले, औषधं कुठली. एवढा देश चालवणारा माणूस, आणि आमच्या ह्यांच्यासारखाच चिकित्सक! मला हसू आवरेना.

हे हसले नाहीत. "घाबरलाय हा माणूस," कुजबुजले.

"कशावरून?"

"सगळं विचारतोय, मुद्द्याचं तेवढं सोडून."

"मुद्द्याचं काय?"

"मला झेपेल का?"

ऑपरेशनच्या टेबलावर घाबरलेल्या किती माणसांचे हात मी धरले. शेजारच्या खुर्चीतला राहून गेला होता. तो तिथेच धरला. बाईंनी मान फिरवली.

"हा गेला का शेवटी?" ह्यांनी विचारलं.

"गेला. परतही आला."

"गुडघे चांगले असणार त्याचे."

"तुम्हीच विचारून टाका ना ते मुद्द्याचं. सफारीवाल्याला."

लेकीचा निरोप घेऊन शुगर लँडला उतरलो तर घामाची आंघोळ. मी मोठ्या माणसाचं धाडस पाहायला गेले होते आणि त्याच्या शंका पाहून आले. मला त्याच जास्त आवडल्या. बॅगा दारातच टाकून हे कॉम्प्युटरपुढे बसले. गुडघ्याची हकीकत लिहिली, जीपमधून उतरताना हात द्यायला कोणी असेल का विचारलं, आणि खाली एकच ओळ: मला झेपेल का?

उत्तर यायच्या आत ह्यांनी बूट मागवले.