जाताना आप्पा, येताना आपण

दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात भदौरियाचा फोन आला. "विनूभाई, कहाँ हो?" म्हटलं, घरी. "बैठे हो?" म्हटलं, त्याहून वाईट, लोळतोय. तो हसला नाही. एरवी माझ्या फालतू विनोदांना मनापासून हसणारा ग्वाल्हेरातला तो एकमेव माणूस आहे. मग म्हणाला, "चप्पल पहनो. बाहर निकलो, थोड़ा चलो... मैं लाइन पर हूँ." मी चपला अडकवल्या, जिना उतरलो, गल्लीत येऊन चालायला लागलो आणि भदौरिया काही बोलायच्या आधीच मला कळलं की आप्पाकाका गेले. इतर ठिकाणी वाईट बातमी सांगताना माणसाला आधी खाली बसवतात. आमच्याकडे त्याला उठवून चालायला लावतात. ही रीत आप्पाकाकांची. कंपनीत ती त्यांनी कित्येकांवर चालवली, माझ्यावरही चालवली. आणि शेवटी एकदा ती त्यांच्यावरच चालवायची पाळी माझ्यावर आली... त्याबद्दलच लिहायला बसलोय.

आप्पा माझे धाकटे काका, वडिलांच्या पाठचे. आमची मंडळी दक्षिणेतून फौजेबरोबर इकडे आलेली. घराण्यातला शेवटचा शूर माणूस कोण यावर आमच्यात मतभेद आहेत, पण तो मी नव्हे यावर एकमत आहे. आप्पा मात्र दावेदार होते. लोखंडी कपाटं बनवणाऱ्या एका जुन्या कंपनीत ते प्रेसच्या खात्यात सुपरवायझर म्हणून लागले आणि वर चढत चढत मॅनेजर झाले. पत्रा ठोकणाऱ्या त्या मशीनांनी त्यांचा डावा कान लवकरच निकामी केला. म्हणून ते चालताना सोबतच्या माणसाला नेहमी आपल्या उजव्या हाताला घ्यायचे. कुणी चुकून डावीकडे गेलंच, तर दंडाला धरून इकडून तिकडे करायचे आणि म्हणायचे, "तिकडे दुकान बंद आहे."

त्यांच्याच शब्दावर मीही त्या कंपनीत माल रवाना करण्याच्या खात्यात चिकटलो आणि माणसं कमी पडल्यामुळे खात्याचा प्रमुख झालो. म्हणजे कपाटं ट्रकमध्ये चढवायची आणि ती योग्य गावाला जातील अशी प्रार्थना करायची. बरं चाललं होतं. मग मालकांनी आमची कपाटांची कंपनी आणि सिटी सेंटरला काचेचं ऑफिस असलेली एक खुर्च्यांची कंपनी एक करायचं ठरवलं. ते खुर्च्यांवाले तरणे, इंग्रजी बोलणारे, त्यांच्या खुर्च्या चाकांवरच्या. आम्ही जाड, जुने, कुलूपबंद. ते आमच्या तोंडावर विचारायचे, "क्यों भैया, आज कपाट बंद हैं क्या?" आणि आम्ही त्यांना 'पहियेवाले' म्हणायचो. कॅन्टीन एक झालं, पण चहाच्या किटल्या दोन राहिल्या. दिल्लीहून सल्लागार आले, त्यांनी मोठ्या कागदावर चौकोन काढले. प्रत्येक चौकोनात दोन नावं, एक त्यांचं, एक आमचं. प्रत्येक चौकोनातलं एक नाव पुसायचं, एवढंच काम उरलं होतं आणि ते करायला कुणीच पुढे येईना. शेवटी आप्पांना नेमलं. दोन्ही बाजूंचा त्यांच्यावर सारखाच अविश्वास होता, हीच त्यांची पात्रता, असं ते स्वतःच सांगायचे.

आप्पांनी तो कागद गुंडाळून कपाटावर ठेवून दिला. कपाटावर, कपाटात नाही, कारण "आत ठेवला तर पुन्हा काढावासा वाटेल." मग एकाच चौकोनातल्या दोघांना त्यांनी महिनाभर एकमेकांच्या जागेवर बसवलं. मी सिटी सेंटरच्या काचेत गेलो, माझ्या जागी खुर्च्यांवाला भदौरिया आला. महिना संपल्यावर एकेकाला निरोप जायला लागले, "चला, एक चक्कर मारू." चक्कर म्हणजे कारखान्याच्या फाटकापासून रंगखात्यावरून मागच्या कडुनिंबापर्यंत जायचं आणि परत यायचं. आप्पांचा नियम ठरलेला होता. वाईट बातमी जाताना सांगायची, येताना ऐकायचं. "सांगून झालं की उठून जाणारे साहेब मी खूप पाहिलेत," ते म्हणायचे. "अरे, खरं काम पुढेच असतं. त्या माणसाला बोलायला वाट तर उरली पाहिजे की नाही?" आणि परत आल्यावर ते फाटकातून कधी वळले नाहीत. माणसाला त्याच्या टेबलापर्यंत पोचवायचे, सगळ्यांच्या देखत, खांद्यावर हात ठेवून. जागा गेलेला माणूस एकटा चालत आत येतो ते त्यांना बघवायचं नाही. त्या दिवसांत आप्पा नुसते चपला घालताना दिसले तरी अख्ख्या ऑफिसचा चहा गार व्हायचा.

माझ्या चक्करीच्या दिवशी मी रात्री पाठ केलेलं भाषण घेऊन गेलो होतो. आप्पांनी ते काढूच दिलं नाही. चालायला लागल्याबरोबर विचारलं, "भदौरियाचं काय तुझ्यापेक्षा चांगलं आहे?" हा प्रश्न ते प्रत्येकाला विचारायचे, त्याच्या समोरच्या माणसाबद्दल. बहुतेकजण "वैसे ठीक है" म्हणून मोकळे व्हायचे. मला वाटलं, घरचाच माणूस आहे, खरं सांगावं. म्हणून सांगायला लागलो. तो ट्रक भरायच्या आधी ड्रायव्हरला चहा पाजतो आणि रस्ता विचारतो. खुर्च्या कपाटांच्या पोटात भरतो, म्हणजे रिकामी हवा गावोगाव फिरत नाही. हमालांना नावानं हाक मारतो. त्याच्या महिन्यात इंदूरचा माल इंदूरलाच गेला... मी रंगात आलो होतो. कडुनिंबापाशी पोचलो तेव्हा आप्पा थांबले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मग विनू, मी काय करू?" स्वतःची जागा स्वतःच्याच तोंडाने घालवणारा आमच्या घराण्यातला मी पहिलाच. परत येताना मी काय बोललो ते मला नीट आठवत नाही. घराचं बोललो, आईचं बोललो, थोडा चिडलो, बहुधा रडलोही. आप्पा उजवा कान माझ्याकडे वळवून चालत होते. टेबलापर्यंत सोडताना म्हणाले, "उद्यापासून ग्राहकांच्या तक्रारी तू बघ. स्वतःच्या विरुद्ध एवढं खरं बोलणारा माणूस कंपनीत दुसरा नाही."

नोकरी टिकली, मान गेला असं मला तेव्हा वाटलं होतं. पण तक्रारीचं काम जमलं. दरवाजा वाकडा आहे, खुर्चीचं चाक निखळलं, रंग उडाला, हे सगळं मी ऐकत राहिलो. दुकानदाराला त्याच्या दुकानाबाहेर काढून गल्लीतून फिरवत ऐकायचो. चोरी आप्पांचीच. माझ्या जागी बसलेला भदौरिया आधी माझ्या नजरेला नजर देत नव्हता. मग एकदा त्यानेच आमची किटली उचलली, त्यांच्या किटलीशेजारी नेऊन ठेवली आणि म्हणाला, "विनूभाई, दोनों ही खराब चाय है, साथ में पीते हैं." एकत्रीकरण वगैरे म्हणतात ते माझ्या हिशेबी त्या दिवशी झालं. घरात मात्र माझा वेगळाच लौकिक पसरला. कुणाला काही अवघड सांगायचं असलं की सगळे माझ्याकडे बघायचे. लग्न मोडलं, विनूला पाठवा. भाड्याचं घर खाली करायचंय, विनू बोलेल...

म्हणूनच कंपू भागातल्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी काकूला आणि मला बाजूला घेऊन आता औषधाने आजार हटणार नाही असं सांगितलं, तेव्हा पुढचं काम कुणाचं हे विचारावंच लागलं नाही. आप्पांना तोवर नुसतं "उपचार चालू आहेत" एवढंच माहीत होतं. मी हॉस्पिटलच्या पायरीवर काकूला म्हटलं, "न सांगितलं तर? थोडे दिवस तरी सुखाचे जातील." काकू पदराने चष्मा पुसत होती. पुसायचं काही नव्हतं, तरी पुसत होती. म्हणाली, "जन्मभर ते दुसऱ्यांना सांगत आले. आता त्यांच्यापासून लपवायचं? भिंतीकडे तोंड करून पडून राहतील रे, आपल्याला फसवलं म्हणून. तू ने त्यांना फिरायला."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आप्पांच्या हरिशंकरपुरमच्या घरी गेलो. आप्पा ओट्यावर खुर्चीत बसले होते. खुर्ची अर्थातच आमच्या कंपनीची, चाकांची. त्या एका खुर्चीसाठी कपाटवाल्यांनी त्यांना आयुष्यभर चिडवलं. मी म्हटलं, "काका, एक चक्कर मारू या?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग पायाने चपला चाचपल्या, उठले, आणि मी गोंधळून त्यांच्या डावीकडे जाऊन उभा राहिलो, तर दंडाला धरून उजवीकडे घेतलं. यावेळी दुकानाचं काही म्हणाले नाहीत.

गल्लीच्या कोपऱ्यावरचं दुधाचं दुकान म्हणजे आमचा कडुनिंब, असं मी मनात धरलं होतं. तिथपर्यंत सांगायचं. मी तोंड उघडलं आणि हवेबद्दल बोललो. मग समोरच्यांनी वरचा मजला चढवलाय त्याबद्दल बोललो. दुधाचं दुकान आलं. कंपनीतली, गावातली, नात्यातली इतक्या वाईट बातम्या मी वाहून नेल्या, आणि ही एक उचलता येईना. आप्पा थांबले. दुकानदाराच्या "रामराम आप्पाजी" ला हात उचलून उत्तर दिलं. आणि मला म्हणाले, "विनू, अर्धी वाट संपली. तू अजून बोलला नाहीस."

"काका..."

"राहू दे. चक्कर म्हणालास तेव्हाच कळलं." मग हळूच, "डॉक्टर काही करणार नाहीत आता?"

मी मान हलवली. एवढंच सांगितलं मी. मानेनं.

"ठीक," आप्पा म्हणाले. "मग आता येतानाचं बाकी आहे. ऐक."

आणि आम्ही वळलो. ज्या माणसाने परतीच्या वाटेवर कुणाकुणाचं ऐकलं, तो पहिल्यांदाच स्वतः बोलत होता. मला वाटलं होतं काकूबद्दल सांगतील, घराबद्दल सांगतील. ते म्हणाले, "मला भीती वाटते रे." चालता चालता, साध्या आवाजात, जणू पाय दुखतो म्हणून सांगावं तसं. "मरायची नाही एवढी. त्याच्या आधी जे होईल त्याची. कुणी मला धरून बाथरूमला नेईल, त्याची लाज वाटते. तुझ्या काकूसमोर मी कण्हेन, त्याची वाटते... सगळे म्हणतात, आप्पा खंबीर. त्या कागदावरची नावं पुसताना मी रोज घरी येऊन ओकायचो. काकूला विचार." मी ऐकत चालत राहिलो. मध्ये बोलायचं नसतं, हे त्यांनीच शिकवलं होतं. डोळे भरून आल्यामुळे एक सायकल अंगावर येता येता राहिली, तेव्हा तेच म्हणाले, "बघून चाल. तुला काही झालं तर मला परत कोण पोचवणार?"

फाटकापाशी मी थबकलो. त्यांनी भुवई वर केली. मग लक्षात आलं. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून मी त्यांना पार ओट्यावरच्या खुर्चीपर्यंत नेलं. काकू दारात उभी होती. तिने आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघितलं आणि चहा टाकायला आत गेली.

"भदौरियाला मी सांगतो," आप्पा बसता बसता म्हणाले. "तुझ्याच्याने नाही व्हायचं." पुढच्या आठवड्यात त्यांनी त्याला बोलावलं. तोवर त्यांची चक्कर ओट्यावरून फाटकापर्यंत आणि परत, एवढीच उरली होती. एवढ्याशा वाटेत त्यांनी सांगितलंही आणि त्याचं ऐकूनही घेतलं. भदौरिया मला नंतर म्हणाला, "रो मैं रहा था, और कंधे पे हाथ उनका था." पुढे पुढे त्यांना धरून न्यायला तोच यायचा, आणि लाजेची गोष्ट आप्पांनी त्याच्यासमोर कधी काढली नाही.

आता आप्पांना जाऊन काही आठवडे झाले. भदौरिया आणि मी संध्याकाळी काकूकडे जातो. चहा होतो. तो नेहमी म्हणतो की चहा कंपनीतल्यापेक्षा चांगला आहे आणि काकू नेहमी म्हणते की त्यात काय विशेष. मग आम्ही दोघे दुधाच्या दुकानापर्यंत चक्कर मारून येतो. सांगायचं तसं काही नसतं. पहिल्या दिवशी निघालो तर चार पावलं टाकली नाहीत तोच आमचे खांदे एकमेकांवर आपटले. पुन्हा आपटले. मग कळलं, त्यालाही आणि मलाही इतकी वर्षं आप्पांच्या उजवीकडे चालायचीच सवय. दोघेही उजवीकडे सरकत होतो. शेवटी तो माझ्या उजव्या हाताला, अगदी भिंतीलगत, आणि मी त्याच्याशेजारी, असे घासत घासत चाललो. तेच आता रोजचं झालंय.

परवा काकू फाटकाशी उभी राहून बघत होती. ओरडली, "अरे, भिंतीला चिकटून काय चाललात दोघं? एवढा रस्ता मोकळा पडलाय की डावीकडे!"

आणि मग तीच त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिली.