डिस्चार्ज आहे का?

डॉक्टरांनी पट्टी उचलली, नाक आक्रसलं आणि म्हणाले, "वूंड इन्फेक्शन." म्हणजे जखमेत जंतू शिरून पू झाला होता. त्यांनी दोन टाके कापले आणि बाजूने दाबलं. पिवळट, घट्ट पू बाहेर आला. तो माझ्याच पोटातून येत होता.

पाच दिवसांपूर्वी माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं. आधी बेंबीभोवती दुखायला लागलं, मग दुखणं उजवीकडे खाली सरकलं. एव्हरशाईन वसाहतीतल्या आमच्या बिल्डिंगपासून नर्सिंग होम रिक्षाने दहा मिनिटांवर, तरी मी दीड दिवस ओवा खाऊन काढला. तुम्ही असं करू नका.

तिसऱ्या दिवशी मला ताप आला आणि वॉर्डात वास सुटला. कुजका, गोडसर. शेजारच्या खाटेवर गिरीज गावच्या एक आजी होत्या. मधुमेहामुळे त्यांच्या पायाची जखम चिघळली होती. वास त्यांचाच, हे मी ठरवून टाकलं. त्यांच्याकडे पाठ करून जेवू लागले. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सिस्टरना सांगितलं, "त्या बाईंची चादर बदला."

सिस्टर रोज सकाळी कागद घेऊन यायच्या.

"डिस्चार्ज आहे?"

"नाही, शुक्रवारी."

'नाही' एवढंच ऐकून त्या लिहायच्या आणि पुढे जायच्या. राउंडला डॉक्टर तो कागद वाचून म्हणायचे, "ताप सलाईनच्या सुईमुळे असेल."

पाचव्या दिवशी मिठागराकडच्या गावातून कामाला येणाऱ्या आयामावशी चादर बदलायला आल्या. मला कुशीवर वळवताना थांबल्या.

"ताई, वास त्यांचा नाय. तुमच्या पट्टीतून पानी येतंय. बघा तरी."

पट्टी भिजून चिकट झाली होती. मावशींनीच डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टर चिडले. "कागदावर रोज 'नो डिस्चार्ज' लिहिलंय. तुम्हाला विचारलं नव्हतं?"

"विचारलं होतं. मी घरी जायचा दिवस सांगितला."

सिस्टर म्हणाल्या, "अहो, मी जखमेतून काही येतंय का विचारत होते."

"मग पू म्हणायचं," मी म्हणाले.

"पू म्हटलं की पेशंटना किळस येते."

आणखी दोन दिवस गेले असते तर पू पोटात उतरला असता, असं डॉक्टर म्हणाले. जखम उघडी ठेवून ती तळापासून भरू द्यावी लागली. तीन आठवडे रोज ड्रेसिंग. रोज तोच वास, पण आता कोणाकडे पाठ करायची सोय नव्हती.

पू निघाला त्याच संध्याकाळी मी आजींची माफी मागितली. त्यांच्या उशाशी पावडरचा डबा होता. पायावर शिंपडून तो अर्धा संपला होता.

"माफी कसली गं," त्या म्हणाल्या. "मला पण वाटलं माझाच वास. मीच सुनेला सांगितलं, नातवाला आणू नको."

दुसऱ्या दिवशी नातू आला. थेट त्यांच्या खाटेवर चढून बसला.

सिस्टरनी प्रश्न विचारला तर उत्तर देऊ नका. पट्टी दाखवा. मावशींचे आभार मी तेव्हाच मानले, आजही मानते. त्यांना तो इंग्रजी शब्द येत नव्हता.

मला घरी सोडलं तेव्हा हातात डिस्चार्ज कार्ड दिलं. त्यावर लिहिलं होतं: डिस्चार्ज, किंचित.